रस्त्यावरचं अर्धं जातं

"मरेल माणूसले आरोपी करस? मरेलले? तुनी लाज कोठे गई रे भो?"

हा आवाज ठाण्याच्या फाटकापाशी उठला आणि माझ्या टेबलावर येऊन आदळला. मी स्वतः मोठ्या गळ्याचा माणूस. मी पारोळ्याला खोकलो तर एरंडोलची कुत्री उठून बसतात असं माझ्याबद्दल बोललं जातं, आणि ते बोलणारा बहुतेक वेळा मीच असतो. माझी सासुरवाडी वरणगावची. तिथल्या लोकांचं आयुष्य दारूगोळ्याच्या कारखान्याशेजारी गेलं, पण मी पंगतीत बसून 'वाढा' म्हटलं की ते अजूनही दचकतात. असा मी. पण त्या सकाळी त्या बाईने तोंड उघडलं आणि ठाण्यातला वायरलेस खरखरायचा थांबला, भिंतीचा चुना पडला, आणि कोठडीतल्या मोबाईलचोराने कुणी विचारलं नसताना गुन्हा कबूल केला. थोडं कमीजास्त असेल. चुना मात्र खरंच पडला.

बाई पन्नाशीची, उन्हाने रापलेली. कापूस वेचून वेचून बोटांची टोकं बोंडाच्या टरफलांनी फाटलेली. हातात एक कागद, घामाने मऊ पडलेला. तो कागद मीच लिहिला होता. फिर्याद.

"अक्का, बसा आधी," मी म्हटलं.

"बसाले नही, सांगाले येल शे! मन्हा पोऱ्यानं नाव काढ तठून. दगड ठेवणारानं नाव लिख!"

तर झालं होतं असं. तिचा मुलगा जळगावला चटईच्या कारखान्यात कामाला. रोज मोटारसायकलने जाऊन येऊन. दिवाळी होऊन गेलेली, कापसाचा हंगाम, दिवस लवकर बुडायचा. संध्याकाळी घरी परतताना आमच्या हद्दीत हायवेवर, ऐन गाडीच्या वाटेत, चार-पाच दगड मांडलेले होते. पुढचं चाक त्यातल्या एकावर चढलं आणि पोरगा उडाला. हेल्मेट नव्हतं. मी पोचलो तेव्हा संपलेला होता. मोटारसायकलच्या मागे त्याने एक गुंडाळलेली चटई बांधली होती, कारखान्यात रंग चुकला म्हणून बाजूला काढलेली, हिरव्या मोराचे पाय लाल झालेली. आमच्या गाडीत पांढरी चादर नव्हती. मी तीच चटई सोडली आणि त्याच्यावर पांघरली. मोर वरच्या बाजूला आले.

दुसऱ्या गाडीची धडक नाही. साक्षीदार नाही. मग गुन्हा कुणावर? कायद्याला आरोपी लागतो, आणि रिकामी जागा आमच्या साहेबांना सहन होत नाही. साहेब तरुण, हुशार, इस्त्रीतून आत्ताच काढल्यासारखे. म्हणाले, "लिहा, मयत हाच आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला."

"आणि दगड, साहेब?"

"दगडाला अटक करणार का? ठेवणारा सापडला तर नाव बदलू. तोपर्यंत हेच."

तुम्हांला माहीत नसेल म्हणून सांगतो, मेलेला आरोपी हा पोलीस खात्याचा सगळ्यांत आवडता आरोपी. तो जामीन मागत नाही. वकील आणत नाही. तारखेला गैरहजर राहत नाही, कारण त्याला तारीखच पडत नाही. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात भरती होत नाही, आमदाराचा फोन आणत नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला त्याच कागदावर निम्मा तपास संपलेला असतो. आरोपी मयत, प्रकरण बंद, सही, शिक्का. इतकी वर्षं मी अपघातांचा तपास केला. जिवंत आरोपींनी मला रडवलं असेल. मेलेल्यांनी कधी चहासुद्धा मागितला नाही.

आणि असा कागद त्या माणसाच्या आईला कुणीतरी वाचून दाखवतं. शेजारचा शिकलेला पोरगा, नाहीतर सरपंच. 'हयगयीने' म्हणजे काय ते तिला समजावून सांगतं. मग ती येते.

"मन्हा पोऱ्या बैलगाडीनामांगे बैलगाडीसारखा चाले! त्याले भरधाव म्हनतस तुम्ही? भरधाव!"

मी पण आवाज चढवला. एवढ्या वर्षांच्या सवयीने तो आपोआप चढतो. "अक्का, मी काय त्याचा वैरी आहे? मलाही तो दगड ठेवणारा पाहिजे! तुमच्यापेक्षा जास्त पाहिजे!"

आणि हे मी खरं बोलत होतो.

आता या दगडांबद्दल बोललंच पाहिजे, नाहीतर माझं डोकं फुटेल. आमच्याकडे गाडी हायवेवर बंद पडली, चाक फुटलं, पाटा तुटला, की ड्रायव्हर काय करतो? लाल त्रिकोण लावतो? त्रिकोण त्याने जन्मात पाहिलेला नसतो. तो बांधावरून चार-पाच दगड उचलतो, गाडीच्या मागे रस्त्यावर मांडतो, त्यात एक बाभळीची फांदी रोवतो. इथपर्यंत ठीक. शहाणपणाचंच काम. मागून येणाऱ्याला कळतं की पुढे काहीतरी उभं आहे. पण मग गाडी दुरुस्त होते. आणि दुरुस्त झाली की माणूस असा सुटतो, जसा सासऱ्याच्या घरून जावई सुटतो. दगड तिथेच. फांदी वाऱ्याने उडून जाते. दगड तिथेच. ठेवताना दहा हात पुढे येतात, उचलायला एक नाही. आपलं काम झालं ना, मग दगड रस्त्याचे. रस्ता सरकारचा. सरकार मुंबईला. आणि संध्याकाळी कुणाचा तरी पोरगा घरी निघालेला असतो.

खान्देशातल्या हायवेवर दगड अंडी घालतात, असं मी नव्या शिपायांना सांगायचो. सकाळी एक उचलावा, संध्याकाळी तीन. मी किती उचलले असतील? त्यांचा ढीग केला असता तर पारोळ्याच्या किल्ल्याला जुळा भाऊ झाला असता. पाचोऱ्याला होतो तेव्हाही हेच, चाळीसगावला होतो तेव्हाही हेच. कन्नडच्या घाटात तर एका ट्रकवाल्याला मी दगड मांडून पळताना पकडला आणि तोच दगड त्याच्या डोक्यावर देऊन अख्खा घाट चढवला. या गोष्टीवर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पळताना पकडला, इथपर्यंत ठेवायला हरकत नाही.

या वेळच्या दगडांत एक दगड वेगळा होता. बाकीचे बांधावरचे, कुणाचेही असते. हा एक म्हणजे जात्याचा तुकडा होता. जात्याचा वरचा दगड बरोबर मधोमध फुटून झालेला अर्धा चंद्र, मध्ये दाणे घालायच्या भोकाची अर्धी गोलाई, कडेला खुंटा ठोकायचा खळगा. खालून टाकीचे घाव स्पष्ट. कुण्या घरातल्या दोन-तीन पिढ्या त्याने दळल्या असतील. आता फुटला म्हणून कुणीतरी गाडीत टाकून ठेवला असणार, चढावर चाकाखाली लावायला. आणि त्याच दगडावर मोटारसायकलच्या टायरचा काळा ओरखडा होता.

मी तो जप्त केला. साहेब हसले. "दळण टाकायचंय का, हवालदार?"

मी म्हटलं, "साहेब, ज्याचा आहे त्याला ओळखता येईल असा हा एकच आहे. मी त्याचा मालक शोधून काढतो."

"आणि नाही सापडला तर?"

"मग दळण टाकू."

तो दगड मी मुद्देमालाच्या खोलीत टाकला नाही. ठाण्याच्या ओट्यावर, दाराच्या कडेला ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावा. ओळखा, भाऊ. ओळखा, दादा. कुणाच्या घरचं जातं फुटलंय? लोक वाकून पाहायचे, मान हलवायचे, जायचे.

आता इथे माझा राग मध्ये आला. राग हा तपास अधिकाऱ्याचा बैल असतो; नांगराला बरा, पण सोडला तर सरळ ओळखीच्याच शेतात घुसतो. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की हे काम परप्रांतातल्या ट्रकवाल्याचं. राजस्थानचा, नाहीतर हरियाणाचा. वीस चाकी गाडी, मागे 'हॉर्न प्लीज', मनात कुणाचीच फिकीर नाही. मी धुळ्यापर्यंतचे ढाबे पालथे घातले. एकेका ढाब्यावर इतकी शेवभाजी खाल्ली की आमच्या हद्दीत शेवेचा तुटवडा झाला. पंक्चरवाल्यांना धरलं, पंपावरच्या पोरांना धरलं, टोलनाक्याचा कॅमेरा डोळे सुजेपर्यंत पाहिला. ट्रक थांबवायचो आणि ड्रायव्हरला खाली उतरवून फोनमधला फोटो दाखवायचो. "यह किसका है?" तो म्हणायचा, "साब, यह तो आटाचक्की है." मी म्हणायचो, "तेरे बाप की है क्या?" एकाने हात जोडून सांगितलं, "साब, हमारे यहाँ इतना छोटा नहीं होता." त्याला मी विनाकारण अर्धा तास उभा केला.

आणि ती बाई यायची. दर बाजाराच्या दिवशी. आधी भाजी घ्यायची, मग आमच्याकडे. पिशवी ओट्यावर ठेवायची, जात्याच्या त्या तुकड्याशेजारी बसायची, आणि सुरू.

"काय जमादारभाऊ? सापडना का?"

"शोधतोय, अक्का."

"कोठे शोधस?"

"ट्रकवाले तपासतोय सगळे."

"ट्रक काय देखस रे भो! ट्रॉल्या देख ना. कापूसन्या ट्रॉल्या. बठ्ठ्या याच रस्तावरून जातस."

"अक्का, तपास मला शिकवू नका. मी तुम्हांला कापूस वेचायला शिकवतो का?"

"तुले येवाव बी नही!"

शिपाई हसायचे. मग मीही हसायचो, मग तिचा आवाज चढायचा, मग माझा. आमची जुगलबंदी ऐकायला समोरच्या चहाच्या टपरीवर गर्दी व्हायची. बाजाराच्या दिवशी टपरीवाल्याचा धंदा वाढला म्हणे. ती ओरडायची, "मेलेलं पोर कोर्टमा उभं करस!" मी ओरडायचो, "सापडू द्या तो हरामखोर! हेच जातं त्याच्या गळ्यात बांधून जळगावपर्यंत चालवत नेतो की नाही बघा! गावोगाव थांबवून लोकांना दाखवतो, हा बघा माणसं मारणारा!"

ती क्षणभर गप्प व्हायची. मग म्हणायची, "चालाड ना. कव्हय चालाडस?"

ते गप्प होणं मला फार आवडायचं. वाटायचं, चला, निदान बाईला माझा राग पटतोय. आपल्या बाजूने कुणीतरी एवढं तापलंय, याचा तिला आधार वाटत असेल. म्हणून मी दर वेळी शिक्षा वाढवायचो. एकदा म्हटलं, त्याचं तोंड काळं करतो. एकदा म्हटलं, त्याच्या आईला बोलावतो आणि विचारतो, असला कसा जन्माला घातला. त्या दिवशी ती जाताना जात्याच्या तुकड्यावर हात ठेवून थोडी बसली. पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. मला वाटलं, शिव्याशाप देतेय.

घरी माझी बायको म्हणायची, "तुम्ही आता बोलत नाही, पंचनामा करता."

बरोबरच होतं तिचं. भाजी खारट झाली तर मी विचारायचो, मीठ कुणी टाकलं, किती वाजता टाकलं, तेव्हा जवळ कोण होतं. तिच्या माहेरच्या लग्नात वरणगावला गेलो होतो. पंगतीत सगळ्यांना हसवत होतो, माझ्या गोष्टी म्हणजे लग्नात आचाऱ्याइतक्याच लागतात. तेवढ्यात मेहुण्याचा पोरगा हेल्मेट न घालता, मागे दोघांना बसवून, बर्फाची लादी आणायला निघाला. मी ताटावरून उठलो, गाडीची चावी काढली आणि वरणाच्या पातेल्यात टाकली. पन्नास माणसांचं वरण. मेहुणा म्हणाला, "दाजी, जरा सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्याने." मी म्हटलं, "माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलंच असतं!" आणि हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की वाजंत्री थांबली. खरंच थांबली. यात काही कमीजास्त नाही.

परत येताना गाडीत नशिराबादच्या पुढे बायको म्हणाली, "एक विचारू? तुम्ही मघापासून काय बडबडताय?"

मला कळलंच नव्हतं की मी बडबडतोय. दुसऱ्यांना हायवेवर गावं दिसतात, ढाबे दिसतात, केळीच्या बागा दिसतात. मला माणसं दिसतात. या वळणावर मास्तर आणि त्यांची मुलगी. या पुलाच्या कठड्याला केळीचा ट्रक. केळी लोकांनी उचलून नेली तेव्हा क्लीनर अजून आत होता. त्या लिंबाखाली मेंढपाळ, त्याच्या तीन मेंढ्या, आणि त्याच्याजवळून न हलणारं कुत्रं. हे मी एकामागून एक पुटपुटत होतो, बसचा कंडक्टर थांबे पुकारतो तसं. म्हणून तर मी गोष्टी सांगतो. तोंड रिकामं ठेवलं की हे बाहेर येतं. लोकांना वाटतं, जमादार रंगेल आहे. जमादार रंगेल नाही. जमादाराला आधीच काहीतरी बोलून टाकायचं असतं.

बायको म्हणाली, "पुढच्या वेळेस आपण रेल्वेने येऊ."

आणि याच कारणाने माझा एक नियम होता. मयताच्या घराची पायरी चढायची नाही. जबाब घ्यायचा तर ठाण्यात बोलवायचं, नाहीतर दवाखान्याच्या आवारात, पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर. घरी गेलं की खुंटीवरचा शर्ट दिसतो. दाराशी चपला दिसतात. मग तो माणूस नुसता रस्त्यावर मेलेला राहत नाही, घरातही मरतो, आणि त्याला दोनदा पाहावं लागतं. मला एकदाच झेपतं. साहेब याला कामचुकारपणा म्हणायचे. म्हणोत.

पण साहेबांनीच एक दिवस फाइल टेबलावर आपटली. "हवालदार, हे चटईवाल्याचं प्रकरण किती दिवस लोंबकळत ठेवणार? वरून विचारणा आलीय. आरोपी मयत म्हणून अहवाल पाठवून देतोय. घरच्यांना तोंडी कळवा आणि सही घेऊन या."

"साहेब, बाई बाजाराच्या दिवशी येईलच."

"मागच्या दोन बाजारांना आली का?"

नव्हती आली. माझ्या लक्षात आलं होतं. मी दोन्ही वेळेला ओट्यावर उभा राहून वाट पाहिली होती. टपरीवाल्यानेही विचारलं होतं, "आज अक्का नाही का?"

"साहेब, अजून थोडे दिवस द्या. तो ट्रक—"

"कुठला ट्रक? आहे का कुठला ट्रक?" साहेब पहिल्यांदाच ओरडले. त्यांना जमत नव्हतं ओरडायला, आवाज फाटला. "एका दगडापायी तुम्ही अख्खा हायवे अडवून ठेवलाय! लोक तक्रारी करतात. तुम्ही तपास करताय की सूड उगवताय?"

"दोन्ही, साहेब!" मी म्हटलं. "कुणीतरी उगवायला नको? त्या पोराला लिहिताय तुम्ही आरोपी म्हणून! उद्या त्याच्या बहिणीचं लग्न जमवायला माणसं आली तर गावातलं कुणीतरी सांगेल, हिच्या भावावर पोलिसात गुन्हा आहे. आणि ज्याने दगड मांडले तो कुठेतरी बसून भाकरी मोडतोय! माझ्या हातात सापडला ना—"

"सही घेऊन या," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

मी गेलो. रस्ताभर तोंडाने वाफ काढत गेलो. तिचं गाव हायवेपासून थोडं आत, दोन्ही बाजूंना कापसाची वेचून झालेली पिवळी शेतं. मी काय बोलायचं ते घोकत होतो. अक्का, माझा इलाज नाही. अक्का, मी सोडणार नाही, अहवाल गेला तरी मी शोधतच राहीन. अक्का, तुम्ही ओरडा, मला बरं वाटेल.

घर मातीचं, पुढे नवा पत्रा. अंगणात लिंबाखाली ट्रॅक्टर उभा, त्याला लावलेली ट्रॉली, ट्रॉलीच्या कडेला कापसाचे धागे अडकलेले. तिचा पुतण्या, चांगला मिशीवाला, तिशीचा माणूस, चाक धूत होता. मला पाहून तो उठला आणि हातातलं फडकं घेऊन गोठ्याकडे चालता झाला. पोलीस पाहिला की लोक असंच करतात. मी काही मनावर घेतलं नाही.

ती बाहेर आली. "या जमादारभाऊ," म्हणाली. एवढंच. मी तिचा असा खालचा आवाज आधी ऐकला नव्हता. मला वाटलं, आजारी असेल. तिने ओट्यावर चटई टाकली. हिरवे मोर, लाल पाय. त्याच कारखान्याची, तीच चूक. मी चटईवर बसलो नाही. पायरीवर टेकलो.

"बसा ना वर."

"इथेच बरं आहे, अक्का."

ती पाणी आणायला आत गेली. मी मान खाली घातली. खुंटी दिसायला नको, चपला दिसायला नकोत. माझ्या पायांशी नळ होता, नळाखाली भांडी घासायची जागा. तिथे राखेची वाटी, नारळाची शेंडी, आणि एक काळा दगड, घासून गुळगुळीत झालेला, साबणाच्या फेसाने पांढरा. मी उगाच नळ सोडून त्यावर पाणी पडू दिलं. फेस गेला. अर्धा चंद्र. मधल्या भोकाची अर्धी गोलाई. कडेला खुंट्याचा खळगा नव्हता, कारण तो दुसऱ्या अर्ध्यात होता. तो दुसरा अर्धा आमच्या ठाण्याच्या ओट्यावर होता आणि मी त्याच्याकडे इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याची फुटलेली कड मला माझ्या तळहातासारखी पाठ होती.

मी ट्रॉलीकडे पाहिलं. मागच्या चाकाखाली लावलेला दगड नवा होता, बांधावरचा. पुतण्या अजून गोठ्यातून बाहेर आला नव्हता.

माझं तोंड शिव्यांनी भरलेलं होतं. ठाण्यापासून इथपर्यंत मी त्या माणसासाठी त्या गोळा करत आलो होतो, आणि आता त्या माणसाचं काय करायचं ते कळेना. मी साहेबांना शिव्या घालून पाहिल्या, मनात. हायवेला घातल्या. बाभळीच्या फांदीला, कापसाला, त्या चटईतल्या मोरांना. एकही बसली नाही. मी तिला काय काय ऐकवलं होतं ते एकेक आठवायला लागलं. गळ्यात बांधून जळगावपर्यंत. तोंड काळं. त्याच्या आईला बोलावतो आणि विचारतो.

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी कुठे पाहतोय ते तिने पाहिलं. तांब्या माझ्या हातात दिला आणि पदर सारखा करून समोर बसली.

मी विचारलं. इतक्या हळू विचारलं की तुम्हांला खरं वाटणार नाही. "अक्का, हे जातं कुणाचं?"

"मन्हंच शे," ती म्हणाली. "पहिला दिनपासून हाईच तं सांगस तुले. दगड ठेवणारानं नाव लिख."